बेदाणे, बर्फ आणि लेबल चुकलेली बाटली

दिवाळी अंकात काय लिहायचं याचे आपल्याकडे काही ठरलेले विषय आहेत. इथली थंडी, मुलांचं मराठी, आई-वडिलांची पहिली लंडनवारी, चकलीची भाजणी ब्रिटिश एअरपोर्टवर कशी वाचली ते. यंदा मी माझा विषय सांगितला, तेव्हा अंकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच मिनिटं शांतता पसरली. मग एकाने विचारलं, "वहिनी, नक्की?"

नक्की. विषय आहे गोठवलेले शुक्राणू. गोठताना आणि वितळताना ते कसे मरतात, कसे वाचतात आणि त्यांना वाचवण्याची युक्ती आपल्याच लंडनमध्ये कशी सापडली. मी मराठीची एम.ए. आणि सांगलीकडच्या एका शाळेत आठ वर्षं बाई होते. विज्ञानाचे सर रजेवर किंवा निवडणुकीच्या कामावर गेले की त्यांचा तास माझ्याकडे यायचा. तेवढ्या भांडवलावर आणि गेल्या दोन वर्षांतल्या वाचनावर हे लिहिते आहे.

वाचावं लागलं ते माझ्या धाकट्या दिरामुळे. त्याच्या परवानगीने आणि त्याने एकदा वाचून दिल्यावरच हा लेख छापायला दिला आहे. तो इथे मास्टर्स करायला आला आणि सव्विसाव्या वर्षी मानेतल्या गाठीचं निदान हॉजकिन लिम्फोमा असं निघालं. रक्ताशी संबंधित कॅन्सर, पण उपचारांना चांगली साथ देणारा. डॉक्टरांनी केमोथेरपीचं वेळापत्रक सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, "उपचार सुरू होण्यापूर्वी शुक्राणू साठवून ठेवायचे आहेत का? ठरवायला तीन दिवस आहेत." काही केमो औषधं कॅन्सरच्या पेशींबरोबर शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींनाही मारतात. पुढे काहींची निर्मिती पुन्हा सुरू होते, काहींची होत नाही. कुणाचं काय होईल याची हमी आधी देता येत नाही.

माझा नवरा कामासाठी बाहेरगावी होता. त्या खोलीत दीर, डॉक्टर आणि मी. दीर छताकडे बघत होता, मी माझ्या पर्सच्या चेनकडे. आम्ही दोघं एरवी कशावरही बोलतो, पण वहिनी-दिराच्या नात्यात या विषयाला जागाच नव्हती.

बेदाण्याचा प्रयोग

त्या रात्री मी वाचायला बसले आणि पहिल्याच पानावर ओळखीचा शब्द भेटला: परासरण. शाळेच्या पुस्तकात त्याचा बेदाण्यांचा प्रयोग असतो. बेदाणे साध्या पाण्यात टाकले की तासाभरात टपोरे फुगतात. तेच फुगलेले बेदाणे मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात टाकले की पुन्हा सुरकुततात. पाणी नेहमी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं. बाहेरचं द्रावण आतल्याइतकंच दाट असेल तर ते समपरासारी, पातळ असेल तर अवपरासारी, दाट असेल तर अतिपरासारी. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून ठेवली की सकाळी भांड्यात पाणी सुटलेलं असतं, तेही हेच. माझं सासर तासगावकडचं. बेदाणा आमच्या घरात विज्ञानाआधी पोहोचलेला आहे.

शुक्राणू ही शरीरातली एक अतिशय लहान पेशी. डोकं सुमारे ५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा दोनशेवा भाग, आणि शेपूट त्याच्या दहापट लांब. १६७७ मध्ये डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने आपल्या भिंगाखाली ते पहिल्यांदा पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं. या पेशीत पाणी कमी, सामान कमी. डोक्यात घट्ट बांधलेला डीएनए, मानेत इंजीन आणि मागे शेपूट. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने एकच बॅग घ्यावी तसं.

पण त्याचं बाहेरचं आवरण नाजूक असतं आणि आयुष्यभर ते परासरणाशी झगडत असतं. कार्प जातीच्या माशांचे शुक्राणू नराच्या शरीरात निश्चल असतात. नदीच्या पातळ पाण्याचा स्पर्श झाला की त्या धक्क्यानेच ते पोहायला लागतात, आणि तेच पाणी आत शिरून थोड्याच वेळात त्यांना निकामी करतं. तेवढ्यात अंडं गाठायचं. सस्तन प्राण्यांतही हा खेळ आहे. उंदरांच्या एका जातीत, एक विशिष्ट जनुक काढून टाकल्यावर, शुक्राणूंना आतलं पाणी आवरता येत नाही. ते फुगतात, शेपटी मुडपते आणि ते गर्भाशयाच्या पुढे जाऊच शकत नाहीत. नर एरवी धडधाकट, पण वांझ.

या फुगण्याचा उपयोगही करून घेतला आहे. १९८४ पासून प्रयोगशाळांत एक सोपी चाचणी वापरतात. शुक्राणू नेहमीच्या निम्म्या दाटपणाच्या द्रावणात ठेवायचे. आवरण शाबूत असेल तर पाणी आत शिरून शेपटी वेटोळी होते. आवरण फाटलेलं असेल तर काहीच होत नाही, कारण फाटक्या पिशवीत पाणी साठत नाही. न हलणाऱ्या शुक्राणूंमध्ये जिवंत कोण, हे त्यावरून कळतं.

बर्फाचं सोवळं

मला वाटायचं, गोठवणं म्हणजे थंडीने मारणं आणि उबेने उठवणं. खरा शत्रू थंडी नसून पाण्याचा बर्फ होणं हा आहे.

बर्फाचं सोवळं फार कडक. तो फक्त शुद्ध पाणी घेतो, मीठ बाहेर ठेवतो. द्रावण हळूहळू गार केलं की आधी पेशीच्या बाहेर बर्फ होतो. उरलेल्या पाण्यात मीठ दाटत जातं आणि ते दाट पाणी पेशीतलं पाणी ओढून घेतं. पेशीचं लोणचं होतं. बरं, झटकन गार करावं, तर पाण्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक होतात. इकडे आड, तिकडे विहीर. पीटर मेझर या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये हे दोन्ही धोके एकत्र मांडले: फार सावकाश गेलात तर मिठाने मराल, फार घाईने गेलात तर बर्फाने. मधला वेग प्रत्येक पेशीचा वेगळा असतो. शुक्राणू लहान, पाणी कमी, म्हणून त्याला थोडी मोकळीक आहे. स्त्रीबीज त्याच्या कितीतरी पट मोठं आणि पाण्याने भरलेलं, म्हणून त्याचं गोठवणं जमायला बरीच जास्त वर्षं लागली.

नुसता वेग साधून भागत नाही. बरोबर राखणदार लागतो, आणि तो सापडला उत्तर लंडनमधल्या मिल हिलला.

मिल हिलची बाटली

मिल हिलच्या टेकडीवर हिरवट तांब्याच्या छपराची एक मोठी इमारत होती, नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चची. आपल्या मुलांना ती वेगळ्या कारणाने माहीत असेल. 'बॅटमन बिगिन्स'मधलं अर्कम असायलम म्हणून तीच दाखवली आहे. संस्था पुढे सेंट पँक्रसजवळच्या क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये विलीन झाली आणि २०१८ मध्ये इमारत पाडली.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस तिथे ॲलन पार्क्स यांच्या हाताखाली ऑड्रे स्मिथ आणि ख्रिस्तोफर पोल्ज हे कोंबड्याचे शुक्राणू गोठवायचा प्रयत्न करत होते. फळांतली साखर घालून बघितली. जमेना. बाटल्या शीतगृहात ठेवून दिल्या. काही महिन्यांनी त्याच साठ्यातली एक बाटली काढून पुन्हा प्रयोग केला, तर उणे ७९ अंशांवर गोठवलेले शुक्राणू वितळल्यावर चक्क पोहायला लागले. आनंदाने साखरेचं नवं द्रावण केलं, तर ते पुन्हा निकामी! मग बाटलीत उरलेलं थोडंसं द्रावण तपासायला दिलं. त्यात साखर नव्हतीच. होतं ग्लिसरॉल आणि अंड्यातलं प्रथिन, म्हणजे काचपट्टीवर नमुने चिकटवायला वापरतात ते मिश्रण. कुठेतरी लेबलांची अदलाबदल झाली होती. १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा शोध प्रसिद्ध झाला.

ग्लिसरॉल म्हणजे आपलं ग्लिसरीन. तोंड आलं की आजी बोटाने लावायची ते. पाण्याशी ते इतकं मिसळून जातं की सगळ्या पाण्याचा बर्फ होऊ देत नाही. थोडा द्रव शिल्लक राहतो आणि त्यात मीठ फार दाटत नाही. हे गणित मिल हिलच्याच जेम्स लव्हलॉकने १९५३ मध्ये दाखवून दिलं. पुढे 'गाया' सिद्धान्तामुळे जगप्रसिद्ध झाले ते हेच. ऑड्रे स्मिथने लगेच, १९५० मध्ये, रक्तातल्या तांबड्या पेशीही ग्लिसरॉलमध्ये गोठवून दाखवल्या. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवामध्ये बंज आणि शर्मन यांनी गोठवलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा झाल्याचं जाहीर केलं.

पण राखणदारालाही आत घेताना आणि बाहेर काढताना जपावं लागतं. पाणी चपळ, ग्लिसरॉल सुस्त. शुक्राणूंभोवती ग्लिसरॉल ओतलं की बाहेरचं द्रावण एकदम दाट होतं. पाणी पटकन बाहेर पळतं आणि शुक्राणू आक्रसतो. मग ग्लिसरॉल सावकाश आत शिरतं, त्याच्या मागून पाणी परत येतं आणि तो पूर्ववत होतो. वितळवल्यावर उलटा प्रकार. आत ग्लिसरॉल भरलेलं, आणि ते एकदम साध्या द्रावणात टाकलं तर पाणी आत घुसतं आणि पेशी फुगून फाटते. १९९५ मध्ये मानवी शुक्राणूंवर केलेल्या मोजमापात असं दिसलं की मूळ आकारमानाच्या ७५ टक्क्यांपर्यंत ते आक्रसले तरी बहुतेकांची हालचाल टिकते, पण फुगणं ११० टक्क्यांपलीकडे गेलं की नुकसान सुरू होतं. म्हणजे चतुर्थांशाने सुकणं सोसतं, पण एक दशांशाहून जास्त फुगणं सोसत नाही. म्हणून ग्लिसरॉल थोडं थोडं घालायचं आणि काढताना तर त्याहून धीराने काढायचं. सोबतीला बरेचदा अंड्याचा बलक असतो, तो आवरणाला थंडीच्या धक्क्यापासून सांभाळतो. मग बारीक नळ्यांत किंवा कुप्यांत भरून द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. एवढं करूनही सगळे वाचत नाहीत. साधारण निम्मे पुन्हा पोहतात, कुणाचे जास्त, कुणाचे कमी. पण १९९२ पासून एकच शुक्राणू स्त्रीबीजात टोचायचं तंत्र आल्याने थोड्यांवरही काम भागतं.

आणि किती वर्षं? त्या थंडीत पेशीतल्या सगळ्या घडामोडी थांबलेल्या असतात. मँचेस्टरला १९७९ मध्ये १७ वर्षांच्या एका कॅन्सरग्रस्त मुलाचे शुक्राणू साठवले होते. २१ वर्षं ते गोठलेले राहिले आणि नंतर त्यांपासून बाळ झालं. सिडनीत १९६८ मध्ये साठवलेल्या मेंढ्याच्या वीर्याने ५० वर्षांनंतर ५६ पैकी ३४ मेंढ्या गाभण राहिल्या.

मामंजींची कांडी

हे सगळं वाचून दुसऱ्या दिवशी तासगावला व्हिडिओ कॉल लावला. सांगणं मला भाग होतं, कारण दिराच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. सासूबाईंनी अर्ध्यातच थांबवलं. "आधी पोरगं बरं होऊ दे. असल्या गोष्टी आत्ता कशाला काढायच्या?" त्यांचा आवाज कापत होता. त्यांना माझ्या वाक्यात 'मूल' ऐकू येत नव्हतं. 'तो बरा झाला नाही तर' एवढंच ऐकू येत होतं. मी बेदाणे काढले, ग्लिसरीन काढलं. उपयोग झाला नाही.

मामंजी इतका वेळ गप्प होते. एकदम म्हणाले, "म्हंजे गाय भरवायला डॉक्टर कांडी आणतोय, तसलंच की हे."

तसलंच होतं. गावोगाव पशुवैद्य नायट्रोजनचा डबा घेऊन येतात, चिमट्याने बारीक कांडी काढतात, कोमट पाण्यात वितळवतात आणि गाय भरवतात. त्या कांडीत ग्लिसरॉलच असतं. पुण्याजवळच्या उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये 'बाएफ' सुरू केली आणि गोठवलेल्या वीर्याचं काम शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलं. मिल हिलचा शोध आमच्या गोठ्यात कितीतरी वर्षं आधीच पोहोचला होता. घरात मात्र यायचा राहिला होता.

मामंजी पुढे सासूबाईंना म्हणाले, "कांडी ठेवली म्हंजे बैल मेला असं असतंय का? बैल हाय तोवरच ठेवत्यात." दीर हसला. निदान झाल्यापासून पहिल्यांदा हसला. सासूबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी विचारलं, "दुखतं का रे काही?" "नाही गं आई," तो म्हणाला. बास. तेवढ्यावर आमच्या घरात तो विषय बोलण्याजोगा झाला.

फॉर्मवरचा प्रश्न

हॉस्पिटलमध्ये आधी रक्ताच्या तपासण्या झाल्या: एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी. मग संमतीचा फॉर्म. त्यात एक प्रश्न असतो, ज्याची तयारी कुणीच करून जात नाही: तुमचा मृत्यू झाला, किंवा निर्णय घेण्याची क्षमता गेली, तर या नमुन्यांचं काय करायचं?

ब्रिटनमध्ये या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १९९५ मध्ये डायन ब्लड यांचे पती मेनिंजायटिसने बेशुद्धीत असताना त्यांचे शुक्राणू काढून साठवले गेले, पण पतीची लेखी संमती नव्हती. म्हणून त्या वापरायला इथे परवानगी मिळाली नाही. १९९७ मध्ये कोर्टाने नमुने परदेशी नेण्याचा मार्ग मोकळा केला आणि त्यांना बेल्जियममध्ये उपचार घ्यावे लागले. भारतात २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॅन्सरने गेलेल्या एका अविवाहित तरुणाचे साठवलेले नमुने त्याच्या आई-वडिलांना द्यायला सांगितलं. दोन्ही निकाल वाचताना डोळे भरून येतात, आणि दोन्हींत प्रश्न एकच: ज्याचं आहे, त्याला काय हवं होतं?

दिराने तो फॉर्म हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी बाहेर कॉफी आणायला जाते." त्याने काय लिहिलं, ते मला माहीत नाही. सासूबाईंनी एकदा आडून विचारलं, तेव्हा मी त्यांना सांगितलं, "आई, त्याला विचारा. सांगायचं की नाही हे तो ठरवेल." त्यांनी विचारलं की नाही, हेही मला माहीत नाही.

इथल्या नव्या नियमानुसार, १ जुलै २०२२ पासून, दर १० वर्षांनी संमती पुन्हा देऊन जास्तीत जास्त ५५ वर्षं साठवण ठेवता येते. भारतात २०२१ च्या कायद्यात ही मुदत १० वर्षांची आहे.

एका डॉक्टरची आठवण

हा विषय लाजेपोटी आणि अविश्वासापोटी दाबला की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. जुलै १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन ही जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्यानंतर सव्वादोन महिन्यांत, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. त्यांनी तर भ्रूण गोठवून, ५३ दिवस ठेवून, मग गर्भाशयात सोडला होता. राखणदार होता डीएमएसओ, ग्लिसरॉलचाच भाऊबंद. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, परदेशी परिषदेला जाऊ दिलं नाही. १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. गोठवलेल्या भ्रूणापासून झालेल्या पहिल्या बाळाचा मान १९८४ मध्ये मेलबर्नला गेला. मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये १९८६ मध्ये जन्मलेल्या बाळामागचे शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे कोलकात्याची कागदपत्रं तपासली आणि पहिले आपण नाही, मुखोपाध्याय पहिले, असं १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं. स्वतःचा मान काढून दुसऱ्याला देणारी माणसं विज्ञानातही असतात.

घरोघरी एवढं करा

दिराचे उपचार पूर्ण झाले. तपासण्या ठीक आहेत, नोकरी लागली आहे. त्याच्या कांड्या टाकीत आहेत. त्या कधी लागतील का, हे आज कुणी सांगू शकत नाही, आणि त्याला ते सांगायची गरजही वाटत नाही.

माझ्या एका मैत्रिणीच्या भावाला मात्र उपचारांपूर्वी कुणी हा प्रश्न विचारलाच नाही. घरच्यांना माहीत नव्हतं, डॉक्टरांनी काढलं नाही. तो बरा झाला, लग्न झालं, आणि मग कळलं. म्हणून वाचकहो, विशेषतः ज्यांच्या घरात शिकायला आलेले तरुण भाचे-पुतणे राहतात त्यांनी, एवढं लक्षात ठेवा. कॅन्सरचं निदान झालं तर केमो किंवा रेडिएशन सुरू होण्यापूर्वी स्वतःहून विचारा: याचा पुढे मूल होण्यावर परिणाम होईल का, साठवण करता येईल का, किती दिवसांत करावी लागेल, खर्च एनएचएस करतं का? हा पर्याय रुग्णापुढे ठेवावा असं इथल्या नाइसच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. मुलींसाठीही स्त्रीबीज गोठवण्याची सोय आहे, पण तिला जास्त दिवस लागतात, म्हणून तिथे आणखी लवकर विचारा. फॉर्म मात्र ज्याचा त्याला एकट्याने भरू द्या. आणि घरच्यांशी बोलताना शब्द सापडत नसेल, तर गाईपासून सुरुवात करा. आमच्याकडे चाललं.

सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा. सर्वांना आरोग्य लाभो.